गणपतराव देशमुख : एसटीच्या पलीकडचे आबासाहेब

कोरडवाहू :

भाई गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास येतात. ते एसटीने फिरायचे आणि ते ११ वेळा आमदार झाले. दोन्ही खऱ्याच. ३० जुलै २०२१ ला ते गेले त्या रात्रीपासून हेच फिरत होतं आणि अजूनही दर पुण्यतिथीला हेच फिरतं. वाचून बरं वाटतं, पण खदखदही होते. साधं राहणारे आमदार महाराष्ट्रात आणखीही होऊन गेले. एसटीच्या तिकिटावर कोणी ११ वेळा निवडून येत नाही. सांगोल्याच्या माणसाने त्यांना धरून ठेवलं ते कामासाठी, आणि त्या कामात त्यांच्या वकिलीचा, कायदा बारकाईने वाचायच्या शिस्तीचा वाटा मोठा होता असं माझं ठाम मत आहे. त्यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १० ऑगस्ट १९२६, मोहोळ तालुक्यातलं पेनूर. कायद्याची पदवी घेतली, वकिली केली, शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आले आणि १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. पुढे १९६७. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पडले. १९९९, २००४, २००९, २०१४ ला पुन्हा निवडून आले. मतदारसंघ एकच, पक्ष एकच. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात मंत्री, १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी. २००२ मध्ये शेकाप सरकारातून बाहेर पडला आणि हे पुन्हा विरोधी बाकांवर.

आता वकिलीचं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या कोर्टात काय चालायचं ते आठवून बघा. १९४८ चा कूळकायदा आला होता, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला होता. कसणारा मालक झाला, पण कागदावर. प्रत्यक्षात पीकपाहणीत नाव कोणाचं लागलंय, खंडाची पावती आहे का, तलाठ्याने फेरफार कधी ओढला, यावर एकेका घराचं आयुष्य ठरायचं. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेले ते चुरगळलेले कागद उलगडून वाचणं हे त्या काळातल्या वकिलाचं रोजचं काम. सरकार शेतकऱ्यापर्यंत पोचतं ते कागदातून आणि अडतंही कागदातच, हे अशा माणसाला भाषणं ऐकून शिकावं लागत नाही. विधानसभेत जाऊन असा माणूस विधेयक हातात घेतो तेव्हा प्रस्तावना सोडून थेट कलमांकडे वळतो.

जाणकारांनी भर घालावी. सांगोला, आटपाडी, मंगळवेढा भागातल्या लोकांनी तर नक्कीच.

जुना मुंबईकर :

चांगला विषय. माझे वडील मंत्रालयात होते, त्यामुळे घरात विधिमंडळाच्या गोष्टी चालत. लहान पक्षाच्या आमदाराची अडचण बाहेरच्यांना कळत नाही. सभागृहात बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. शेकापचे आमदार अनेक वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असायचे. अशा वेळी तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना ही आयुधंच उपयोगी पडतात, आणि ती वापरायला नियमांचं पुस्तक पाठ लागतं. शंभर आमदारांचा पक्ष गोंधळ घालून कामकाज बंद पाडू शकतो. दोघा-तिघांच्या पक्षाला कामकाज चालणंच हवं असतं, कारण तेवढीच त्याची जागा.

म्हणून गणपतराव, एन. डी. पाटील, दत्ता पाटील ही मंडळी सभागृहात बसून असायची. दुपारी रिकाम्या बाकांसमोर एखाद्या विधेयकाची कलमवार चर्चा चालू असते, टीव्हीवाले गेलेले असतात, तेव्हा उठून दुरुस्ती सुचवणं हे काम बातमीत येत नाही. कायद्यात मात्र ते उतरतं.

अलिबागकर :

+१. आमच्याकडचा संदर्भ जोडतो. शेकापमध्ये वकिलांची परंपराच होती. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला. सहा वर्षं खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, बायाबापड्यांनी लाकडं विकून दिवस काढले. त्या संपाचे नेते नारायण नागू पाटील, त्यांचे चिरंजीव ॲड. दत्ता पाटील. तेही पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. एन. डी. सर प्राध्यापक म्हणून ओळखले जातात, पण कायद्याची पदवी त्यांचीही होती.

शेकापची वैचारिक बैठक मार्क्सवादी, पक्षाची भूमिका मांडणारा १९५० चा दाभाडी प्रबंध सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावोगाव पक्ष टिकला तो प्रबंधावर नाही. कोर्टकचेरीत, मामलेदार कचेरीत आपल्या बाजूने उभं राहणारा लाल बावट्याचा वकील आहे, हा आधार लोकांना होता. रायगडात हे मी स्वतः पाहिलंय. सांगोल्यातही वेगळं नसावं.

माणदेशी पोर :

आबासाहेबांचा विक्रम देशात कोणीच मोडलेला नाही. जय महाराष्ट्र!

कायल :

माणदेशी पोर, महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ११ हा आकडा मोठाच आहे. देशाचं म्हणाल तर मी गेली बरीच वर्षं कोचीत राहते, म्हणून सांगते. इथले के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, आणि एकदाही हरले नाहीत. तेही वकील! करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, पण मतदारसंघ बदलून.

मला तुलना करायची झाली तर आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. मणींच्या पक्षाची बहुतेक काळ कोणत्या ना कोणत्या आघाडीत मोट बांधलेली असायची, अर्थखातं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. पाला म्हणजे रबराचा पैसा, पाऊस भरपूर. गणपतरावांनी त्याच्या बरोबर उलट्या परिस्थितीत निवडणुका जिंकल्या. सत्ता क्वचित, पाऊस त्याहून क्वचित. आणि दोनदा हरून दोन्ही वेळा परत आले. हरलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं मतदाराला जड जातं, ते सांगोल्याने दोनदा केलं.

आटपाडीकर :

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट). ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता, त्यामुळे आपण पाणी अडवलं नाही, वापरलं नाही तर पुढे काय, ही टांगती तलवार होती. पण ते पाणी सांगली-साताऱ्याच्या नदीकाठी वापरायचं की वर चढवून माणदेशात आणायचं? नदीकाठाला ऊस होता, कारखाने होते, आमदार-मंत्री होते. आमच्याकडे सगळा उंचवट्याचा मुलूख. पाणी आणायचं तर उचलूनच आणावं लागणार, आणि उचलायला वीज. मंत्रालयात आम्हाला सरळ सांगायचे की हे परवडणारं नाही.

अशा वेळी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद सुरू केली. अण्णा वाळव्याचे, म्हणजे बागायती मुलखातले. स्वतःच्या गावाला पाण्याची ददात नसताना त्यांनी १३ दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न हातात घेतला, याचं मोल मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांच्याबरोबर गणपतराव, एन. डी. पाटील, डॉ. भारत पाटणकर. मागणी समन्यायी पाणीवाटपाची. ज्याला जमीन आहे त्यालाही, नाही त्यालाही, घरटी पाणी.

तिथली सभा म्हणजे काय ते सांगतो. मांडव, खाली सतरंज्या, टोपीवाले म्हातारे सकाळी येऊन बसलेले. इतरांचं भाषण पेटवणारं असायचं. गणपतराव उठले की आवाज चढायचा नाही. कोणत्या योजनेला किती टीएमसी मंजूर, प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, सुधारित मान्यता कुठे अडली, यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद किती आणि प्रत्यक्ष सुटली किती. ते ऐकून घरी जाणारा माणूस चावडीवर बसून इंजिनिअरशी वाद घालू शकत होता. धागाकर्त्यांनी वकिलीचं म्हटलंय ते मला इथे दिसतं. बाजू मांडण्याआधी कागद पूर्ण करायचा, ही कोर्टातली शिस्त त्यांनी पाणी चळवळीत आणली.

१९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, रोखे काढले गेले. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलते, टप्प्याटप्प्याने वर चढवते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे येते. २२ टीएमसी, सुमारे ८० हजार हेक्टर. वाचायला सोपं आहे. माणसांच्या दोन पिढ्या त्यात गेल्या. ओढ्याला पहिल्यांदा कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आमच्याकडे बायकांनी खणानारळाने ओटी भरली त्या पाण्याची.

टेलचा शेतकरी :

आटपाडीकर, सगळं मान्य. पण दुसरी बाजूही नोंदवू द्या. आम्ही कालव्याच्या शेवटच्या टोकाला. नीरा उजव्या कालव्याचं पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याच्या हद्दीत येईपर्यंत त्यात काय उरतं ते आम्हाला विचारा. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटल्याची बातमी येते, पोटचारीला ओल येईपर्यंत आवर्तन बंद झाल्याची बातमी येते. पन्नास वर्षं एकच आमदार होता. मग चारा छावण्या, टँकर हे आमच्याच नशिबी का? २०१९ ला माझी चार जनावरं छावणीत होती. रात्री तिथेच झोपायचं, सकाळी पेंढीसाठी रांग लावायची. हा प्रश्न विरोधकांनी विचारला तर राजकारण म्हणता येईल. मी त्यांनाच मत देत आलो आणि तरी विचारतोय.

कोरडवाहू :

टेलचा शेतकरी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो बाजूला सारायचा नाही. मला त्याचं उत्तर असं दिसतं. त्या पन्नास वर्षांत सत्तेची वर्षं मोजा, ती फार थोडी भरतात. धरणाचा, कालव्याचा निर्णय मंत्रिमंडळात होतो आणि मंत्रिमंडळात साखरपट्ट्याचं वजन होतं. विरोधी आमदार प्रश्न लावून धरू शकतो, मान्यता पदरात पाडून घेऊ शकतो. पण वरच्या तालुक्यातल्या उसाची दारं तो बंद करू शकत नाही.

तरीही एक टीका मला पटते. पक्ष वाढला नाही. आबासाहेबांच्या उंचीचा दुसरा माणूस तालुक्यात उभा राहिला नाही, किंवा राहू शकला नाही. २०१९ ला ते स्वतः थांबले, उमेदवारीवरून घोळ झाला, आधी एक नाव जाहीर होऊन बदललं आणि शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी आले. कार्यकर्त्यांतून कोणी पुढे आलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता, हे मी त्यांचा चाहता म्हणून लिहितोय.

भीमाकाठ :

१९९५ ला गणपतराव १९२ मतांनी पडले, त्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? आमच्या पंढरपुरात तेव्हा चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हाही समोर शहाजीबापूच होते.

माणदेशी पोर :

भीमाकाठ, त्या वेळी मी शाळेत होतो. आमच्या आळीत दोन्हीकडची माणसं होती. निकालाच्या रात्री चूल पेटली नव्हती कित्येक घरांत, एवढं मात्र लख्ख आठवतं. १९९९ ला शेकापच्या खटाऱ्यावर शिक्का मारायला माझी आजी खाटेवरून उठून गेली. जातीचं गणित मांडणारे मांडतात, धनगर समाजाचा नेता म्हणून निवडून येतो वगैरे. पण त्या एका समाजाच्या मतांवर ११ वेळा कोणी आमदार होत नाही. आमचं घर त्या समाजाचं नाही आणि आमच्या घरात दुसरं चिन्ह माहीत नव्हतं.

चातीवरचा धागा :

गणपतरावांच्या सूतगिरणीचा उल्लेख अजून कसा आला नाही?

सांगोला तालुक्यात कापूस पिकत नाही. तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी काढायची म्हटल्यावर किती लोकांनी डोक्याला हात लावला असेल! पण विचार बघा. ऊस होण्याएवढं पाणी नाही, म्हणजे साखर कारखान्यावर तालुका उभा करता येत नाही. दुष्काळात पोरं मुंबई-पुण्याला नाहीतर ऊसतोडीला. सूतगिरणीला पाणी कमी लागतं, हात जास्त लागतात. कापूस बाहेरून आणता येतो आणि सूत घ्यायला एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला इचलकरंजी, दोन्ही यंत्रमागाची मोठी गावं. पुढे महिलांचीही वेगळी सूतगिरणी झाली.

मी याच धंद्यात आहे, सांगोल्याच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. सहकारी सूतगिरण्या कशा बुडतात ते जवळून पाहिलंय. कापसाची खरेदी हे मर्म. भाव पडलेला असताना गोदाम भरायला खेळतं भांडवल लागतं, आणि संचालकांच्या मर्जीतल्या व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने गाठी घेतल्या की तिथेच गिरणीचं मरण लिहिलं जातं. ब्लो रूममध्ये गाठ फोडली की आत काय आहे ते लपत नाही. काडीकचरा जास्त, धागा आखूड, मग पुढे रिंग फ्रेमवर तार तुटत राहते, चात्या फिरतात आणि उत्पादन निघत नाही. तीन पाळ्यांचा पगार मात्र द्यावाच लागतो. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी गिरण्या अशाच भंगारात निघाल्या. त्या काळात सांगोल्याची गिरणी चालू राहिली, नफा दाखवत राहिली. संस्था नेत्याच्या नावाने चालणं आणि नेत्याच्या खिशातून चालणं यातला फरक त्या माणसाला कळत होता. त्यांचे अंत्यसंस्कारही गिरणीच्या आवारातच झाले.

डाळिंबवाला :

रोजगार हमीचा धागा इथे जुळतो, तो मी पकडतो. रोहयो ही वि. स. पागे यांची कल्पना. ते सांगली जिल्ह्यातले, तेही वकील, विधान परिषदेचे सभापती १९६० ते १९७८. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला, मग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, आणि तो कायद्याने हक्क. पैसा कुठून? नोकरदारांच्या पगारातून दर महिन्याला जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली याच कामासाठी लावला गेला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराचा रोज भरायचा, असा तो करार. देशाने २००५ ला जो रोजगार हमी कायदा केला, त्याचं मूळ या मातीत आहे.

१९९० ला फळबाग लागवड रोहयोला जोडली. खड्डे काढायची, रोपं लावायची मजुरी योजनेतून, बाग शेतकऱ्याची. आमच्या माळरानावर डाळिंब आलं ते त्यानंतर. हलकी, मुरमाड जमीन, कोरडी हवा, डाळिंबाला हेच लागतं. आधी गणेश वाण, मग भगवा. अजनाळ्यासारख्या गावाने शेततळी काढली, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत ठिबकने पुरवलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. एकेकाळी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या नातवांचा माल त्यात होता.

१९९९ ला गणपतरावांकडे रोजगार हमी खातं आलं ते या भागाच्या दृष्टीने किती योग्य होतं, ते यावरून लक्षात यावं. ज्याने मस्टरवरची माणसं पाहिली आहेत त्याच्याकडे ते खातं गेलं.

आणि हेही लिहितो, कारण डाळिंबाचं गोड चित्र अर्धंच आहे. तेल्या रोगाने आधी कंबरडं मोडलं, मग खोडाला भोकं पाडणारी कीड आली आणि बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. माझी दोन एकर गेली. आबासाहेब असते तर काय केलं असतं, असा विचार आमच्याकडे लोक अजून करतात.

कायल :

डाळिंबवाला, तुमचा प्रतिसाद खूप आवडला. व्यवसाय कर रोहयोसाठी लावला होता हे माझ्या पिढीतल्या कितीजणांना माहीत असेल? पागेंवर वेगळा धागा काढाच.

जुना मुंबईकर :

एसटीबद्दल एकच सांगतो. धाग्याचं म्हणणं मला मान्य आहे, तरी ती गोष्ट टाकून देऊ नये. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असतं, खिडकीजवळ तसं लिहिलेलंही असतं. त्या आसनावर खरोखर आमदार बसलेला पाहणं लोकांसाठी एवढं दुर्मीळ झालं की त्याची दंतकथा झाली. पण सांगोला ते मुंबई एसटीने जाणाऱ्या आमदाराला वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर माणूस भेटतो. अर्ज हातात देतो, तक्रार सांगतो. माझ्या मते तोही त्यांच्या कामाचाच भाग होता.

कोरडवाहू :

जुना मुंबईकर, हा मुद्दा पटला. साधेपणा आणि काम असे दोन कप्पे करायची गरज नाही, बरोबर आहे.

२०१४ चा आकडा राहिला होता, तो देतो. वय ८८, आणि विजय सुमारे २५ हजार मतांनी. त्या वेळी भाजप-सेनेची हवा होती. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. राज्यात शेकापची ती एकमेव जागा. घराणेशाहीबद्दल मी वर लिहिलंय ते तसंच ठेवतो. पण आता आमदार झालेच आहेत तर आजोबांचं कुठलं काम अर्धवट आहे ते त्यांना माहीत असणार, आणि ते पाण्याचंच आहे.

टेलचा शेतकरी :

मग तेवढंच लिहितो आणि थांबतो. टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने उचलायचा आणि १९ टक्के लाभधारकाने, असं ठरलं आहे. आम्ही १९ टक्के भरायला तयार आहोत. पण पाणी मोजून द्या. वरच्या गावाला किती दिवस, खालच्या गावाला किती, दारावर मोजमापाची पट्टी आणि आवर्तनाचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पाणी परिषदेत समन्यायी म्हणून जे मागितलं होतं ते हेच. इथे आटपाडी, सांगोला, मंगळवेढ्याचे जे कोणी वाचत असतील त्यांनी आपापल्या गावातलं मागच्या आवर्तनाचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष पाणी किती दिवस आलं ते या धाग्यात लिहा. माझ्या गावाचं मी उद्या टाकतो.